उष्णतेचा जमाखर्च

पेट्रोलवर चालणारे इंजिन ही एक उधळी पेढी आहे. टाकीत ओतलेल्या इंधनातून जी ऊर्जा निघते, तिच्यातील पाव ते एक तृतीयांश एवढाच हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढीच उष्णता धुराबरोबर बाहेर निघून जाते आणि उरलेली बरीचशी इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. हे पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये जाते, तेथे वाऱ्याला आपली उष्णता देऊन टाकते आणि निवून इंजिनाकडे परतते. थंड देशांतील गाड्यांत बसणाऱ्याला ऊब देणारा जो हीटर असतो, तो या वाया जाणाऱ्या उष्णतेतूनच आपला वाटा उचलतो. त्यासाठी वेगळे इंधन जाळावे लागत नाही. डॅशबोर्डच्या मागे रेडिएटरचेच एक धाकटे भावंड बसवलेले असते. जाड वहीएवढ्या आकाराच्या या जाळीला हीटर कोर म्हणतात. एका रबरी नळीने तिच्यात गरम पाणी येते, दुसरीने परत जाते आणि मागून पंखा हवा ढकलतो. सारी यंत्रणा एवढीच.

सांगलीच्या उन्हात वाढलेल्या माणसाने या यंत्रणेकडे लक्ष देण्याचे काही कारण नसते. आपल्याकडे गाडीतील ती निळी-तांबडी कळ कायम निळ्याच बाजूला असते. परंतु अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, लेक सुपीरियरच्या पश्चिम टोकाशी वसलेल्या डुलुथ या शहरात हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांवर उतरला, तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. रात्री इंजिन गोठू नये म्हणून तेथील लोक गाडीला विजेची तार जोडून ठेवतात आणि पहाटे ती काढून निघतात. अशा ठिकाणी हीटर ही चैनीची वस्तू राहत नाही. समोरच्या काचेवरील दंव आणि धुके हटवणारी यंत्रणा तर त्या देशाच्या वाहन-सुरक्षा नियमांनुसार सक्तीची आहे, आणि जुन्या गाडीत ती यंत्रणा म्हणजे हाच हीटर.

सांगलीच्या हळदीच्या पेठेत चाळीस वर्षे आडत चालवलेले एक गृहस्थ मागच्या हिवाळ्यात आपल्या पुतण्याकडे या गावी राहायला गेले होते. पुतण्याचे तेथे किराण्याचे लहानसे दुकान आहे. डाळी, तांदूळ, मसाले, पापड असा माल तो दर आठवड्याला मिनीॲपोलिसच्या घाऊक व्यापाऱ्याकडून स्वतः आणतो. अंतर जाताना सुमारे अडीचशे किलोमीटर, येताना तेवढेच, रस्ता सरळ हमरस्ता. गाडी म्हणजे नव्वदच्या दशकातील आठ सिलिंडरचा पिकअप. हौदा अजून मजबूत, इंजिन निर्दोष, मात्र हीटर दोन हिवाळ्यांपासून कोमट. पहिल्या वर्षी पुतण्याने जाड मोजे चढवून निभावले. दुसऱ्या वर्षी, जानेवारीतल्या एका पहाटे, भर हमरस्त्यावर त्याच्या श्वासाची वाफ काचेच्या आतल्या बाजूला गोठू लागली. एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने प्लास्टिकच्या पट्टीने काच खरवडणे, असे त्याने चाळीस किलोमीटर काढले आणि शेवटी रस्ता सोडून एका पेट्रोलपंपावर थांबला. त्या दिवशी दुकान बंद असल्याने चार वर्षांचा मुलगा शेजारच्या आसनावर होता.

घरी आल्यावर सूनबाईंनी एकच वाक्य सांगितले, की ही गाडी दुरुस्त होईपर्यंत मुलगा तिच्यात बसणार नाही, आणि तुम्हीही नाही. काका त्या वेळी चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला, पण ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने गाडी गॅरेजात दाखवली. तेथील कारागिराने दहा मिनिटांत निदान केले की हीटर कोर गेला आहे, नवा घालावा लागेल. सुटा भाग तसा महाग नाही, पण तो काढण्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दिवसभराची मजुरी. अंदाजपत्रक बाराशे डॉलरांचे. त्या गाडीला बाजारात अडीच हजारांच्या वर गिऱ्हाईक मिळाले नसते. पुतण्याच्या मनात गाडी विकून हप्त्यांवर दुसरी घेण्याचे घोळू लागले आणि त्याने तसे बोलूनही दाखवले.

येथे त्या कारागिरावर अन्याय होऊ नये. त्याने फसवणूक केली असे म्हणता येत नाही. तासाच्या हिशोबाने चालणाऱ्या गॅरेजला हमी द्यायची तर जुने काढून नवे बसवणे हाच खात्रीचा मार्ग असतो. स्वच्छ करून पाहू, गुण आला तर आला, असे सांगणारा कारागीर पुढच्या महिन्यात गिऱ्हाईकाच्या शिव्या खातो. परंतु मालकाला जो धोका पत्करणे परवडते, तो गॅरेजला परवडत नाही, एवढे लक्षात ठेवून अंदाजपत्रक वाचावे लागते.

काकांना इंजिनातले ओ की ठो कळत नव्हते. तेरीज मात्र त्यांना कळत होती. खतावणीत तूट आली की ती कुठल्या पानावर आली हे सापडेपर्यंत तिजोरीला हात लावायचा नाही, ही त्यांच्या पेढीची रीत. रात्री जेवणानंतर त्यांनी पुतण्याला विचारले, “बाळा, मला एवढे सांग, ते पाणी मुळात तापते का?”

“तापत असणार की, काका. इंजिन चालतेय.”

“असणार नको. काटा काय दाखवतो?”

पुतण्याला आठवले. गावात फिरताना तापमानाचा काटा मध्यापर्यंत येतो. हमरस्त्याला लागला, की हळूहळू खाली सरकून तळाशी टेकतो. उलट व्हायला हवे असे त्याला कधी वाटले नव्हते, कारण इंजिन तापत नाही ही गोष्ट मालकाला आनंदाचीच वाटते.

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाचा एक छोटा दरवान असतो. त्याच्या पोटात मेणाची गोळी असते. पाणी थंड असेतो तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर तापते. पाणी नव्वद अंशांच्या आसपास आले की मेण वितळून फुगते, दांडा ढकलला जातो आणि वाट उघडते. पण हा दरवान म्हातारा झाला की कधी कधी उघडाच अडकून पडतो. मग गाडी वेगात गेली, की समोरचा बर्फाळ वारा रेडिएटरमधील सगळी उष्णता लुटून नेतो आणि हीटरच्या वाट्याला उरलेसुरले कोमट पाणी येते. यात तोटा दुहेरी आहे, कारण पुरेसे न तापलेले इंजिन पेट्रोलही अधिक पिते. दोन हिवाळे ही गळती चालू होती आणि ती कुठल्याच वहीत दिसत नव्हती.

नवा थर्मोस्टॅट वीस डॉलरांच्या आत आला. तो बसवण्याआधी काकांना जुना खरोखर बिघडला आहे याचा पुरावा हवा होता. पुरावा सोपा असतो. थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पाण्याच्या भांड्यात टांगायचा आणि पाणी तापवत न्यायचे. सूनबाईंनी एक टाकाऊ पातेले दिले आणि साखरेच्या पाकासाठी ठेवलेला तापमापकही दिला, मात्र तो यापुढे स्वयंपाकघरात परत येणार नाही ही अट घालून. अट रास्त होती. इंजिनातील पाणी नुसते पाणी नसते. ते गोठू नये म्हणून त्यात निम्मे इथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असते. या मिश्रणाला कूलंट म्हणतात. निम्मे-निम्मे मिश्रण शून्याखाली सदतीस अंशांच्या आसपास टिकून राहते, पण ते जहाल विषारी आहे आणि चवीला गोड. जमिनीवर सांडलेले थोडेसे चाटूनही मांजर किंवा कुत्रे मूत्रपिंडे निकामी होऊन मरते. म्हणून पुढील सगळ्या कामात खाली परात, परातीवर झाकण, आणि निघालेले कूलंट डब्यात भरून नगरपालिकेच्या घातक कचरा केंद्रात, अशी शिस्त काकांनी स्वतः पाळून घेतली. शेजारणीचे एक करडे मांजर गॅरेजच्या दारात येऊन बसे. काम चालू असताना त्याला बाहेर ठेवण्याचे कामही त्यांच्याकडेच होते.

पातेल्यातला जुना थर्मोस्टॅट नळाच्या थंड पाण्यातही अर्धा उघडाच होता. नवा मात्र काटेकोरपणे नव्वदला हलू लागला. बसवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मेणाची बाजू इंजिनाकडे ठेवायची, आणि जुन्या गॅस्केटचा कण न् कण खरवडून मगच नवे बसवायचे. एवढे काम शनिवारच्या एका दुपारी झाले.

रविवारी गाडी हमरस्त्यावर नेली. बाहेर उणे पंधरा. काटा मध्यावर येऊन तेथेच राहिला. हवेच्या झरोक्यात धरलेला तापमापक पूर्वी बत्तीस दाखवत असे, तो आता एक्केचाळीस दाखवू लागला. सुधारणा होती, परंतु काच धुक्यापासून मोकळी ठेवायला ती पुरेशी नव्हती. चांगल्या हीटरची हवा अशा थंडीतही पंचावन्न-साठ अंशांना पोचते.

पुतण्याचा चेहरा उतरला. काका म्हणाले, “एक पान जुळले. पुढचे उघड. पाणी तापते, आता ते जाळीपर्यंत पोचते का ते बघ.”

हे पाहण्यासाठी हातापलीकडे उपकरण लागत नाही. इंजिन चांगले तापवून बंद करायचे, पट्टे आणि पंखा थांबल्याची खात्री करायची आणि केबिनच्या भिंतीत शिरणाऱ्या दोन्ही नळ्यांना हातमोजा घालून बेताने स्पर्श करायचा. दोन्ही जवळजवळ सारख्या गरम असतील तर पाणी नीट फिरत आहे आणि दोष पुढे, हवेच्या वाटेत आहे. एक चटका देणारी आणि दुसरी जेमतेम कोमट, तर पाणी जाळीत अडते आहे. पिकअपच्या बाबतीत दुसरा प्रकार होता. म्हणजे गॅरेजच्या कारागिराचे बोट योग्य जागी होते. फक्त त्या जागेआधी एक दोष होता आणि त्या जागेवर बदलण्याखेरीज दुसरा उपायही होता.

अडथळा दोन प्रकारचा असू शकतो, हवेचा किंवा गाळाचा. कूलंट कमी झाले की हवेचा बुडबुडा उंच जागी जाऊन बसतो आणि पाण्याला पुढे जाऊ देत नाही. डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज आला, तर बहुधा तोच असतो. डुलुथ हे गाव डोंगराच्या उतारावर आहे. त्यामुळे गाडीचे नाक वर करून उभी करायला वेगळी सोय करावी लागली नाही. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडले (तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडणारा माणूस चेहरा भाजून घेतो, हे तेथे आणि येथे सारखेच), हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवला, इंजिन सुरू केले आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट ओतत राहिले. दीड लिटर मावले. तापमापक चव्वेचाळीस. आता राहिला गाळ.

हीटर कोर धुणे हे काम मजुरीचे नसून सबुरीचे आहे. जुन्या नळ्या वर्षानुवर्षे चिकटून बसलेल्या असतात. पक्कड लावून ओढल्या, तर आतील पातळ धातूचे तोंड वाकते किंवा तुटते, आणि मग बाराशे डॉलरांचा खर्च खरोखरच गळ्यात पडतो. म्हणून पुतण्याने नळ्या टोकाशी लांबीच्या दिशेने चिरून सोलल्यासारख्या काढल्या. नव्या नळ्या फुटावर मिळतात आणि स्वस्त असतात. नंतर जाळीच्या बाहेर जाण्याच्या तोंडाला बागेच्या पाण्याची नळी जोडली, म्हणजे पाणी नेहमीच्या उलट दिशेने वाहील आणि अडकलेला गाळ आल्या वाटेने परत निघेल. तोटी अगदी थोडी उघडायची. जाळीचा पत्रा कागदासारखा असतो आणि घरच्या नळाचा पूर्ण दाब त्याला सोसत नाही. हे सारे बंद, उबदार गॅरेजातच करावे लागते; उघड्यावर नळी भरण्याआधीच गोठेल.

पहिली काही मिनिटे जेमतेम धार आली. मग भसकन् तांबूस पाणी, त्यात गंजाचे पापुद्रे, आणि त्यामागून तपकिरी, भुशासारखे काहीतरी. पुतण्याने ते बोटावर घेतले. आधीच्या मालकाने कधी तरी रेडिएटरची गळती बुजवण्यासाठी बाजारात मिळणारी पूड टाकली होती. ही पूड भोक शोधते, पण भोक आणि बारीक नळी यांत तिला फरक करता येत नाही. रेडिएटरचे छिद्र बुजले असेल किंवा नसेल; हीटरची जाळी मात्र तिने हमखास बुजवली. गाडी विकण्यापुरती गळती झाकायची आणि पुढचे घेणाऱ्याने पाहावे, हा व्यवहार काकांना अनोळखी नव्हता. हळदीच्या पोत्यात वरचा थर निवडून भरणारेही त्यांनी पाहिले होते. ते म्हणाले, “ज्याने केले त्याला चार पैसे वाचले. आपल्या मुलाने काच खरवडली.”

आलटून पालटून दोन्ही दिशांनी पाऊण तास पाणी खेळवल्यावर धार स्वच्छ आली. आत राहिलेले नळाचे पाणी फुंकून काढले, कारण तेवढेच साधे पाणी रात्रीत गोठून जाळी फोडू शकते. नव्या नळ्या, नव्या क्लिपा, आणि बाटलीतील शुद्ध पाण्यात निम्मे कूलंट. नळाच्या पाण्यातील क्षार पुन्हा तोच गाळ करतात, हा खर्च वाचवण्यासारखा नाही. मिश्रण किती थंडी सोसेल हे मोजण्याची एक पिचकारीसारखी काचेची नळी मिळते. तिने तपासले आणि पुन्हा उतारावर नेऊन हवा काढली.

बुधवारी संध्याकाळी बाहेर उणे अठरा होते. तापमापक अठ्ठावन्नवर स्थिरावला. सूनबाई मुलाला घेऊन गॅरेजात आल्या, झरोक्यासमोर हात धरून उभ्या राहिल्या आणि हा आकडा कितीवेळ टिकतो असे त्यांनी विचारले. प्रश्न बरोबर होता. म्हणून गुरुवारी काका आणि पुतण्या रिकामी गाडी घेऊन साठ किलोमीटर जाऊन आले. काचेवर आतून एक टिंबही साचले नाही. या फेरीत एक क्षुल्लक गोष्टही सापडली. पंख्याचा जोर कमी वाटत होता, कारण काचेखालच्या जाळीत, जेथून हीटरसाठी बाहेरची हवा आत येते, तेथे पाइनच्या सुयांचा गठ्ठा साचला होता. तो हाताने काढला. आतलीच हवा फिरवत ठेवण्याची कळही पुतण्या ऊब टिकावी म्हणून नेहमी दाबून ठेवत असे. श्वासाची वाफ आतच कोंडून काच गोठण्यास तीही कारण होती. ती बंद ठेवायची, हे ठरले.

सारा खर्च, नळ्या, कूलंट आणि तपासणीची नळी धरून, नव्वद डॉलरांच्या आत बसला. पुतण्याने आनंदाने अंदाजपत्रकाचा कागद फाडायला घेतला, तेव्हा काकांनी तो त्याच्या हातातून घेतला.

“कोर जुनाच आहे ना?”

“हो, काका.”

“आणि त्या पुडीने एखादे भोकही बुजवले असेल, ते आता आपण धुऊन मोकळे केले असेल.”

हे खरे होते. जुनी जाळी धुतल्यावर कधी कधी गळू लागते. तशी गळाली तर केबिनमध्ये गोडसर वास येतो, काचेवर तेलकट धूसर थर चढतो आणि शेजारच्या आसनापुढील गालिचा ओला होतो. काकांनी त्या गालिच्याखाली कोरा कागद ठेवायला लावला, दर रविवारी तो पाहायचा. अंदाजपत्रक गाडीच्या कप्प्यात परत गेले. आणि बाराशेंपैकी जे वाचले, त्यातून दरमहा शंभर डॉलर घसाऱ्याच्या नावे दुकानाच्या वहीत वेगळे पडू लागले. पुतण्याने कुरकुर केली, पण रक्कम टाकली.

काका फेब्रुवारीच्या अखेरीस सांगलीला परतले. मार्चमध्ये पुतण्याचा फोन आला, तेव्हा मुलगा गाडीत होता आणि मागून त्याचा आवाज ऐकू येत होता. कागद कोरडा आहे, पुतण्याने सांगितले. चालकाच्या डाव्या झरोक्यातून मात्र अजून हवा जरा गार येते. आतली झडप पुरती मिटत नसावी. ती उन्हाळ्यात उघडून पाहणार आहे.